पांच अक्षरांचा डाव

परवां वडगांव निंबाळकर येथें आमच्या घरीं मुलें ‘वर्डल’ खेळत बसलीं होतीं. ५ अक्षरी इंग्रजी शब्द ६ प्रयत्नांत ओळखावयाचा, असा हा खेळ. जॉश वॉर्डल यांनीं तो २०२१ सालीं लोकांपुढें आणिला. इंग्रजी न येणाऱ्या आजी दूरच बसल्या होत्या. त्या सहज म्हणाल्या, “मग ‘निंबाळकर’ चालेल कीं! पांचच अक्षरें.” मुलें हंसलीं, इंग्रजींत मोजूं लागलीं, तों ९ भरलीं! कारण इंग्रजींत स्वर वेगळा मांडावा लागतो. आपल्या ‘बा’मध्यें व्यंजन व स्वर एकाच घरांत नांदतात. त्याच रात्रीं आम्हीं ५ अक्षरी मराठी शब्दांचा डाव मांडिला, आणि तो आजींनींच जिंकिला. वाचकहो, आपल्या घरीं असा डाव कधीं मांडणार?