चालताना हात का हालतात?

गेल्या पावसाळ्यातील गोष्ट. शाळेला येताना आम्ही शेताच्या बांधावरून चाललो होतो. आमच्या कोंकणीत या बांधाला ‘मेर’ म्हणतात. एका काखेत वह्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात उघडी छत्री. निसरड्या चिखलात पाय सरकला आणि आम्ही वह्यांसह खाली शेतात! मागून आठवीतील एक विद्यार्थी येत होता. तोही त्याच जागी घसरला. परंतु त्याच्या अंगात रेनकोट होता, दप्तर पाठीवर होते आणि हात मोकळे होते. त्याने दोन्ही हात पसरले, क्षणभर तो डोलला आणि सावरला. चिखल धुता धुता आमच्या मनात प्रश्न आला : चालण्याचे काम पायांचे, मग त्यात हातांचा वाटा कोणता?

विद्यार्थी मित्रहो, आपलीच चाल पाहा. उजवा पाय पुढे पडतो तेव्हा डावा हात पुढे येतो आणि डावा पाय पडतो तेव्हा उजवा. हे आपणांस कोणी शिकविलेले नसते. नुकतेच चालू लागलेले मूल हात वर धरून डुलत डुलत पावले टाकते; चाल पक्की झाली की त्याचे हात खाली येतात व झुलू लागतात.

याचे कारण असे. उजवा पाय पुढे झेपावतो, तेव्हा कंबर डावीकडे वळू पाहते. त्याच वेळी डावा हात पुढे व उजवा मागे गेल्याने वरच्या अंगाला उलट दिशेचा पीळ बसतो. हे दोन पीळ बऱ्याच अंशी एकमेकांस खोडून काढतात व शरीर सरळ पुढे जाते. अमेरिकन शास्त्रज्ञ हर्बर्ट एल्फ्टमन यांनी १९३९ साली हे गणिताने दाखविले. पुढे २००९ साली स्टीव्हन कॉलिन्स व त्यांचे सहकारी यांनी प्रयोग केले. हात न हालविता चालताना शरीराची १२ टक्के अधिक शक्ती खर्च झाली आणि पावलाचा जमिनीवरील पीळ ६३ टक्क्यांनी वाढला. म्हणजे हातांनी सोडलेले काम पावलांवर पडले. उलट हात झुलविण्यास खांद्यांना फारसे श्रम पडत नाहीत. ते बरेचसे लंबकाप्रमाणे आपोआप झुलतात.

पाय घसरला की हातांचे काम बदलते. तोल गेल्याची वर्दी आतील कान, डोळे व स्नायू मेंदूला देतात आणि आपण विचार करण्यापूर्वीच हात फेकले जातात. हात ज्या दिशेने झपाट्याने फिरतात, त्याच्या उलट दिशेला धडाला रेटा मिळतो. शिवाय वजन अंगापासून दूर पसरले की शरीर सावकाश कलंडते व सावरण्यास अवसर मिळतो. दोरीवर चालणारी डोंबाऱ्याची मुलगी हातांत लांब बांबू धरते ती याचसाठी. ब्लाँदँ या फ्रेंच कसरतपटूने १८५९ साली नायगारा नदीवरील दोर ओलांडला, तोही असाच लांब काठी घेऊन.

शाळेच्या मैदानावर चुन्याची रेघ आखून तिच्यावरून प्रथम हात मोकळे सोडून आणि मग हातांची घडी घालून भरभर चाला. फरक तुम्हांला स्वतःच कळेल.

तेव्हा ओल्या वाटेने जाताना दप्तर दोन्ही खांद्यांवर घ्यावे, मोबाईल दप्तरात ठेवावा आणि हात खिशात घालू नयेत. आणखी एक गोष्ट सांगावीशी वाटते. घरी आजोबा-आजी चालत असताना त्यांच्या हातांकडे पाहावे. एका बाजूचा हात पूर्वीसारखा झुलेनासा झाला असेल, तर वडीलमंडळींना सांगावे व डॉक्टरांना दाखवावे. कारण कधी खांद्याचे दुखणे असते. परंतु कंपवाताच्या आरंभीच्या खुणांपैकी ही एक आहे आणि हाताला कंप सुटण्यापूर्वीही ती दिसू शकते.

आम्ही आता वह्या पाठीवरच्या पिशवीतून नेतो. हा धडा आम्हांला आमच्याच एका विद्यार्थ्याने दिला, हे येथे नमूद करण्यात आम्हांला आनंद वाटतो.