रानात पडलेलं लोखंड

अकोला जिल्ह्याच्या उत्तरेला, तेल्हारा तालुक्यात अडगावचं रान आहे. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी आर्थर वेलस्लीच्या फौजेने तिथे नागपूरकर भोसल्यांच्या सैन्याला हरवलं आणि ३८ तोफा नेल्या. त्या काळचे तोफगोळे बहुतेक भरीव लोखंडाचे. असा गोळा वखराला अडकला तर पास बोथट होईल, एवढंच. भीती असते ती गरनाळीतून उडवायच्या पोकळ, दारू ठासलेल्या गोळ्याची. अमेरिकेतली यादवी १८६५ साली संपली. तिच्यातला एक गोळा २००८ साली व्हर्जिनियात साफ करताना फुटला आणि हाताळणारा जागीच गेला. दारू इतकी वर्षं टिकते.

विदर्भातल्या अलीकडच्या मृत्यूंचा मात्र रणभूमीशी संबंध नाही. वर्धा जिल्ह्यात पुलगावला देशातलं सर्वांत मोठं दारूगोळा भांडार आहे. ३१ मे २०१६ च्या पहाटे तिथल्या आगीत दोन लष्करी अधिकारी आणि आग विझवायला धावलेले कर्मचारी गेले. साठवलेल्या रणगाडाविरोधी सुरुंगांतून स्फोटक पाझरत होतं, असं नंतर पुढे आलं. दुसरी घटना २० नोव्हेंबर २०१८ ची, देवळी तालुक्यातल्या सोनेगाव आबाजीजवळची. जबलपूरच्या खमरिया कारखान्यातला निकामी माल नष्ट करायला आणला होता. खोके उतरवताना स्फोट झाला आणि सहाजण ठार झाले. त्यांत आसपासच्या गावांतले रोजंदारीचे मजूर होते.

हे मजूर कोण? कोरडवाहू शेतीवाले आणि शेतमजूर. खड्डे खणायचे, पेट्या वाहायच्या, स्फोट झाल्यावर पितळ-लोखंडाचे तुकडे वेचायचे, ही इथली कामं. कापसाचं पीक बुडालं की त्या तुकड्यांचे पैसे मोलाचे वाटतात. त्यांना अडाणी म्हणणं मला पटत नाही. धोका त्यांना ठाऊक असतो. घरातली चणचण त्याहून जवळची असते.

न फुटलेला गोळा इतका घातकी का, हे प्रत्येक शाळेत शिकवायला हवं. तोफेतून सुटण्याआधी त्याचा फ्यूज बंद असतो. सुटताना बसणारा हिसका आणि गोळ्याचं गरगर फिरणं यांनी आतले अडसर एकेक करून सरकतात. मग उरतो फक्त आघात. गोळा मऊ चिखलात आडवा पडला, किंवा फ्यूजमधला टोच्या नीट बसला नाही, तर तो तसाच राहतो, सगळे अडसर निघालेल्या अवस्थेत. म्हणून पेटीतल्या कोऱ्या गोळ्यापेक्षा रानात पडलेला गोळा जास्त भयंकर. त्यावर छिन्नी-हातोडा चालवणं म्हणजे राहिलेला आघात आपल्याच हाताने देणं.

अहिल्यानगरजवळच्या के. के. रेंजवर, म्हणजे खारे कर्जुनेच्या लष्करी सराव क्षेत्रात, हेच घडत आलं आहे. रणगाड्यांचा सराव संपला की भंगार गोळा करायला माणसं आत शिरतात आणि त्यात जीव जातात. १९३८ च्या सराव-गोळीबारविषयक कायद्यात धोकाक्षेत्र रिकामं करण्याचे अधिकार आहेत, नुकसानभरपाईही आहे. पण पितळेला भाव देणारा भंगारवाला त्या कायद्याच्या कक्षेबाहेर राहतो.

बेल्जियममधल्या ईप्रच्या शेतकऱ्याकडे पाहावं. १९१४ साली भारतीय पलटणी तिथे लढल्या होत्या. आजही नांगरणीत पहिल्या महायुद्धाचे गोळे वर येतात. शेतकरी ते बांधावर किंवा विजेच्या खांबापाशी ठेवतो, कळवतो, आणि पोलकापेलच्या लष्करी पथकाची गाडी येऊन ते नेते. वर्षाला दीडशे टनांहून जास्त माल असा उचलला जातो. तरी मार्च २०१४ मध्ये ईप्रला बांधकामावरचे दोन कामगार गेलेच. म्हणजे शंभर वर्षांची सवय असूनही हे काम संपत नाही. आपण गोळा उचलून ठेवायची ती पद्धत अजिबात घेऊ नये. घ्यावी ती त्यामागची व्यवस्था. कळवणाऱ्याची चौकशी होत नाही, सरकारची गाडी शेतापर्यंत येते.

पुलगाव आणि खारे कर्जुनेच्या परिसरात अशी व्यवस्था झाली पाहिजे. निकामी दारूगोळा नष्ट करण्याचं काम रोजंदारीच्या माणसांकडून काढून प्रशिक्षित हातांकडेच द्यावं, आणि लष्करी पितळ घेणाऱ्या भंगार दुकानांवर नजर ठेवावी. वाचकांना एकच विनंती : शिवारात, नदीपात्रात किंवा भंगारात असं काही दिसलं तर हात लावू नका, पाणी ओतू नका, पोरांना लांब करा, जागेची खूण लक्षात ठेवा आणि ११२ वर फोन करा.