समुपदेशक कसा घडतो? (लेखांक ५) : पदवीनंतरचे तास

मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सा मानसशास्त्रज्ञ आणि समुपदेशक यांच्या कामातला फरक मागच्या भागात पाहिला. आज समुपदेशकाच्या शिक्षणाकडे वळू.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूरच्या मुलामुलींचा रस्ता साधारण असा : बी.ए.ला मानसशास्त्र, मग दोन वर्षांचं एम.ए. त्यासाठी अनेक जण गर्दीची लोकल पकडून मुंबई गाठतात. कोणी कलिन्याच्या विद्यापीठात, कोणी देवनारच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत. सिद्धांत, चाचण्या, संशोधनपद्धती, प्रबंध हे सगळं हवंच. पण तेवढ्यावर कुणी दुसऱ्याच्या दुःखासमोर बसायला तयार होत नाही.

खरं शिक्षण सुपरव्हिजनमध्ये होतं. विद्यार्थी एखाद्या व्यक्तीसोबत तासभर बसतो, नोंदी लिहितो आणि त्या घेऊन अनुभवी समुपदेशकापुढे जातो. तिथे प्रश्न येतात : त्या बाई रडू लागल्यावर तू विषय का बदललास? सल्ला द्यायची घाई कुठे झाली? ऐकताना तुझ्या घरातलं काय आठवलं? हे पुस्तकातून येत नाही. अमेरिकेत ‘काक्रेप’ ही संस्था समुपदेशनाच्या अभ्यासक्रमांना मान्यता देते. तिच्या निकषांनुसार आधी १०० तासांचा सराव आणि नंतर ६०० तासांची इंटर्नशिप लागते. त्यातले अनुक्रमे ४० आणि २४० तास प्रत्यक्ष लोकांसोबत घालवावे लागतात.

आपल्याकडे २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची पात्रता नेमकी दिली आहे. समुपदेशक मात्र बराच काळ नियमांच्या चौकटीबाहेर राहिला. २०२१च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्याच्या यादीत वर्तनविषयक आरोग्य समुपदेशक आले. २०२५मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने मानसशास्त्राचे दूरस्थ अभ्यासक्रम थांबवले. मला हा निर्णय योग्य वाटतो. पण घर आणि नोकरी सांभाळून शिकणाऱ्या बायकांची वाट त्यामुळे बंद होते, हेही खरं. म्हणूनच जवळच्या महाविद्यालयांत नियमित वर्ग हवेत आणि प्रशिक्षणार्थींना उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयासारख्या ठिकाणी काम मिळायला हवं. ठाण्यात १९०१पासूनचं मनोरुग्णालय आहे, १९९०मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी सुरू केलेली आयपीएच ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था आहे. शिकवणारे अनुभवी हात लोकलच्या अंतरावर आहेत.

प्रशिक्षित समुपदेशकांची निकड बदलापूरला वेगळी सांगायला नको. ऑगस्ट २०२४मध्ये शाळेतल्या चिमुरड्या मुलींवरील अत्याचाराचं प्रकरण उघड झालं आणि २० तारखेला संतप्त लोक रुळांवर उतरले. अशा वेळी मुलांशी कोण बोलणार, यावर पुष्कळ अवलंबून असतं. प्रशिक्षित माणूस मुलाला तेच तेच विचारत नाही, उत्तर सुचवत नाही, खेळू देतो, थांबतो. बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणाऱ्या पोक्सो कायद्याच्या कलम १९नुसार असा गुन्हा कळल्यास पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, हे त्याला ठाऊक असतं. त्यामुळे ‘कुणाला सांगणार नाही’ असं खोटं वचन तो देत नाही. गोपनीयतेची मर्यादा कुठवर, हे मुलाला झेपेल अशा शब्दांत सुरुवातीलाच सांगायचं असतं. ते जमायला पदवीइतकाच, देखरेखीखाली केलेला सराव लागतो.

समुपदेशकाकडे जाताना तीन गोष्टी निःसंकोच विचारा : शिक्षण कुठे झालं, सराव कुणाच्या देखरेखीखाली केला आणि आजही सुपरव्हिजन घेता का? पुढच्या आठवड्यात पहिल्या भेटीत नेमकं काय घडतं ते पाहू.