सिंबाच्या दुसऱ्या स्टेजचं गुपित

नव्वदच्या दशकात वसई स्टेशनच्या पश्चिमेला एका गाळ्यात तासावर व्हिडिओ गेम खेळायला मिळायचे. घरी कन्सोल घेणं आमच्या आळीत कुणालाच परवडणारं नव्हतं. १९९५मध्ये शॉ वॉलेस कंपनीने सेगाचा मेगा ड्राइव्ह भारतात आणला, तेव्हा त्याची किंमत होती १८ हजार रुपये! मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं सुटे पैसे जमवून जायचो आणि ‘द लायन किंग’ची कॅसेट लावायला सांगायचो. पहिली स्टेज सुरळीत पार व्हायची. दुसरीत माकडं भेटायची.

सिंबाने डरकाळी फोडली की झाडावरच्या माकडाचं तोंड फिरायचं आणि ते त्याला दुसऱ्या दिशेला भिरकवायचं. एक जरी माकड उलट्या बाजूला तोंड करून राहिलं, की सिंबा परत भलत्याच झाडावर. शहामृगावर बसून धावताना उडी चुकली, तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. तेवढ्यात तास संपायचा, रिमोट पुढच्या मुलाच्या हातात जायचा. आपल्यालाच जमत नाही, असं मनाशी घेऊन घरी यायचो.

डिस्नेच्या चित्रपटावरचा १९९४चा हा गेम लास वेगासच्या वेस्टवुड स्टुडिओजने बनवला. समीक्षकांनी चित्रं, हालचाली, संगीत यांचं तोंडभरून कौतुक केलं आणि गेम फार अवघड असल्याची तक्रारही केली. त्यामागची खरी गोष्ट पुष्कळ वर्षांनी वेस्टवुडचे सहसंस्थापक लुई कॅसल यांनी सांगितली. अमेरिकेत तेव्हा ब्लॉकबस्टरसारख्या दुकानांतून गेम भाड्याने मिळत. भाड्याच्या मुदतीत मुलं फार पुढे गेली तर गेम विकत कोण घेणार, हा डिस्नेचा हिशेब होता. म्हणून माकडांचं कोडं मुद्दाम कठीण करण्यात आलं.

मला याचा आजही राग येतो. अवघड गेम मीही आवडीने खेळतो, पण इथे अडचण खेळातून आलेली नव्हती, गल्ल्यातून आली होती.

‘द लायन किंग’च्या आदल्या वर्षी आलेल्या डिस्नेच्याच ‘अलादीन’ची गोष्ट निराळी. सेगासाठी डेव्हिड पेरी यांच्या चमूने केलेल्या या गेममध्ये डिस्नेच्या ॲनिमेटरांनी पात्रं कागदावर हाताने रेखाटली होती. सुपर निन्टेंडोसाठी कॅपकॉमने वेगळा ‘अलादीन’ काढला. त्याचे डिझायनर शिंजी मिकामी पुढे ‘रेसिडेंट इव्हिल’मुळे गाजले. आपला गेम आपण बनवलेला नसता तर सेगाचाच विकत घेतला असता, त्यातल्या अलादीनच्या हातात तलवार होती, असं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. प्रतिस्पर्ध्याला इतकी दिलदार दाद क्वचितच मिळते.

२०१९मध्ये ‘द लायन किंग’ आणि सेगाचा ‘अलादीन’ एकत्र पुन्हा बाजारात आले. आता चूक झाली की खेळ मागे नेता येतो. त्या गाळ्यातून हिरमुसून परतलेल्या माझ्या वसई-विरारकर मित्रांनो, ती स्टेज एकदा पुन्हा खेळून बघाच. तेव्हा चूक तुमच्या बोटांची नव्हती.