लॅपटॉपची किंमत आणि वर्षांचा हिशेब

परभणी जिल्ह्यात घरातील पहिला लॅपटॉप बहुधा मुलाच्या किंवा मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशाबरोबर घेतला जातो, आणि प्रवेशाचे दिवस नेमके पेरणीचे असतात. बी-बियाणे व खतांवर खर्च झालेला पैसा सोयाबीनच्या रूपाने दिवाळीच्या सुमारास आणि कापसाच्या रूपाने त्याहून उशिरा, मानवत किंवा सेलूच्या बाजारातून परत येतो. त्यामुळे स्वस्त लॅपटॉपची निवड अनेकदा विचारांती होत नाही, तर त्या आठवड्यात हातात असलेल्या रकमेमुळे होते, आणि येथेच सर्वांत महागडी चूक घडते.

स्वस्त लॅपटॉपमध्ये नेमके काय कमी केलेले असते, हे समजण्यासाठी दोन भाग ओळखणे पुरेसे आहे. ज्या भागात फायली कायम राहतात ती साठवण म्हणजे धान्याचे कोठार, तर रॅम, म्हणजे चालू कामापुरती माहिती धरून ठेवणारी तात्पुरती स्मृती, म्हणजे मळणीचे खळे होय. खळे लहान असेल तर कोठार कितीही मोठे असले तरी थोडा थोडा माल आणून काम करावे लागते आणि खोळंबा होतो. विंडोज 11 या प्रणालीची किमान अट 4 जीबी रॅम आणि 64 जीबी साठवण अशी आहे, परंतु ती यंत्र सुरू होण्यापुरती आहे, सुखाने चालण्यासाठी नव्हे. अगदी स्वस्त यंत्रे याच अटीच्या आसपास बनवलेली असतात, त्यांतील साठवण पुष्कळदा ईएमएमसी नावाच्या संथ प्रकारची असते आणि ती, तसेच रॅमही, मुख्य पट्टीवर, म्हणजे मदरबोर्डवर, झाळून बसवलेली असल्यामुळे पुढे वाढवता येत नाही. याउलट 8 जीबी रॅम आणि एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान साठवण, असलेले मध्यम किमतीचे यंत्र वर्ग, प्रकल्प-अहवाल, आकडेमोड आणि दूरस्थ व्याख्याने यांसाठी पदवीची चार वर्षे सहसा पुरते.

उदाहरणादाखल, 25 हजारांचे यंत्र अडीच वर्षांत निरुपयोगी झाले तर वर्षाला 10 हजार रुपये पडतात आणि 45 हजारांचे पाच वर्षे टिकले तर 9 हजार. म्हणजे स्वस्त वाटलेली वस्तूच महाग ठरते. मात्र हा हिशेब उलट्या दिशेने ताणणेही योग्य नाही. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात कृषी पदवीचे शिक्षण घेणाऱ्या किंवा वाणिज्य शाखेत टॅलीवर हिशेब लिहिणाऱ्या विद्यार्थ्याला स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड, म्हणजे चित्रांची जड आकडेमोड करणारा वेगळा भाग, लागत नाही, आणि त्यासाठी मोजलेले पैसे वापराविना पडून राहतात. त्रिमितीय आराखडे काढणाऱ्या अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याची गोष्ट निराळी.

येथील उन्हाळाही किमतीत धरला पाहिजे. लॅपटॉप साधारणपणे 35 अंश सेल्सियसपर्यंतच्या हवेत वापरावा असे बहुतेक उत्पादक सांगतात, तर परभणीत एप्रिल-मे महिन्यांत पारा 40 अंशांच्या पुढे राहतो, आणि उष्णतेने लिथियम-आयन बॅटरीची साठवण-क्षमता लवकर घटते. म्हणून बॅटरी सहज बदलून मिळते का आणि दुरुस्तीसाठी यंत्र परभणीत द्यावे लागते की नांदेड वा छत्रपती संभाजीनगरला न्यावे लागते, हा प्रश्न प्रोसेसरच्या नावापेक्षा अधिक महत्त्वाचा आहे.

किंमत कमी म्हणून यंत्र वाईट, असे मात्र नाही. रायगड जिल्ह्यात कर्जतजवळच्या खैराट येथील छोट्या शाळेत 2007 मध्ये ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या उपक्रमाचे एक्सओ लॅपटॉप मुलांना दिले गेले. त्यांत केवळ 256 एमबी रॅम होती, परंतु पंखा व फिरती डिस्क नव्हती, धूळ आत जाऊ नये अशी बांधणी होती आणि पडदा उन्हातही वाचता येई. शंभर डॉलरांत लॅपटॉप देण्याचे उद्दिष्ट गाठता आले नाही, तरी ते यंत्र कोणासाठी आणि कोणत्या परिस्थितीत वापरले जाणार हे ठरवून मगच काय वगळायचे ते ठरवले गेले होते. आजचे सर्वांत स्वस्त लॅपटॉप पाहताना हा विचार क्वचितच आढळतो.

ज्या घराला नवे मध्यम यंत्र परवडत नाही, त्याने नव्या अतिस्वस्त यंत्राऐवजी, मोठ्या कंपन्यांनी वापरून काढलेले आणि तपासून पुन्हा विक्रीस आलेले, म्हणजे रिफर्बिश्ड, व्यावसायिक श्रेणीचे यंत्र आधी पाहावे, किंवा कापसाचा पैसा येईपर्यंत महाविद्यालयाच्या संगणककक्षात काम भागवावे. विंडोज 10 ला मिळणारा नियमित सुरक्षा-आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला असल्याने, असे इंटेलचे यंत्र घेताना प्रोसेसर किमान आठव्या पिढीचा आणि विंडोज 11 साठी अधिकृतरीत्या चालणारा आहे का हे पाहावे, बॅटरी दुकानातच चालवून पाहावी, वॉरंटी लेखी घ्यावी, आणि रॅम वाढवण्यासाठी खाच मोकळी आहे का, हे मागचे झाकण उघडायला लावून स्वतःच्या डोळ्यांनी बघावे.