व्यवस्थापनशास्त्र खेड्यात : जवाजाचा प्रयोग

‘व्यवस्थापनशास्त्र’ हा शब्द कानी पडताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर मोठे कारखाने, पेढ्या आणि नफातोट्याचे ताळेबंद उभे राहतात. वास्तविक हे शास्त्र एवढ्यापुरते मर्यादित नाही. साधने थोडी आणि गरजा पुष्कळ, अशा स्थितीत श्रम, वेळ, पैसा व कौशल्य यांची योग्य सांगड घालून ठरविलेले उद्दिष्ट कसे गाठावे, याचा पद्धतशीर विचार म्हणजे व्यवस्थापनशास्त्र होय. गिरणीच्या मालकास जो विचार उपयोगी पडतो, तो खेड्यातील विणकरास किंवा चर्मकारासही उपयोगी पडावयास हवा. तो तसा पडतो काय, हे पाहण्याचा एक महत्त्वाचा प्रयोग १९७५ साली राजस्थानात सुरू झाला.

अहमदाबाद येथील भारतीय व्यवस्थापन संस्थेची स्थापना १९६१ साली झाली. तिचे पहिले पूर्णवेळ संचालक रवि मथाई हे होते. १९६५ पासून हे पद सांभाळल्यावर १९७२ साली त्यांनी ते स्वेच्छेने सोडले आणि त्याच संस्थेत प्राध्यापक म्हणून काम चालू ठेवले. उद्योगधंद्यांसाठी विकसित झालेले ज्ञान अत्यंत गरीब माणसाला स्वतःच्या पायांवर उभे राहण्यास साहाय्य करू शकेल काय, हा प्रश्न त्यांनी पुढे अभ्यासासाठी घेतला. त्यासाठी निवडलेला प्रदेश म्हणजे त्या वेळच्या अजमेर जिल्ह्यातील जवाजा हा विकासगट. सुमारे २०० गावांचा हा मुलूख वारंवार अवर्षणाने पोळलेला. जमीन हलकी, पाणी अपुरे. तेव्हा येथे विकास करण्याजोगे काही नाही, असेच वरवर पाहणाऱ्यास वाटे.

मथाई व त्यांच्या सहकाऱ्यांनी मात्र शोध घेतला तो माणसांच्या अंगी असलेल्या कौशल्याचा. तेथे रैगर समाजातील चर्मकार होते, तसेच विणकरही होते. दोघांचीही कला पिढीजात. परंतु दोघेही जातिभेदाच्या उतरंडीत तळाशी ढकललेले. विहिरींवर पंप आले तशी चामड्याची मोट मागे पडली. गिरणीच्या कापडापुढे हातमागाचे जाडेभरडे कापड टिकेना. कच्चा माल आणावयाचा तर कर्ज काढावे लागे, आणि कर्ज फेडावयाचे तर मिळेल त्या भावाने माल विकावा लागे. अशा कारागिराला केवळ पैसा दिला, तर तो पैसा याच चक्रात विरून जातो. त्याची उणीव निव्वळ धनाची नसते. बाजारपेठ, हिशेब आणि वाटाघाटी यांचे ज्ञान त्याच्यापासून दूर राहिलेले असते.

म्हणून या प्रयोगास ‘ग्रामीण विद्यापीठ’ असे नाव मिळाले. या विद्यापीठास इमारत नव्हती, पदव्या नव्हत्या. काम हाच अभ्यासक्रम, आणि प्रत्येक जण एकाच वेळी शिक्षक व विद्यार्थी, ही त्यामागील कल्पना. अहमदाबादच्याच राष्ट्रीय अभिकल्प संस्थेतील तज्ज्ञ या कामात सामील झाले. झाडांच्या सालीत टॅनिन नावाचे द्रव्य असते. ते कातडीतील तंतूंशी संयोग पावते व तिचे कुजणे थांबवते. अशा रीतीने वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्यापासून शहरातील ग्राहकास आवडतील अशा पिशव्या तयार होऊ लागल्या. विणकरही नव्या आराखड्यांनुसार सतरंज्यांसारखे विणकाम करू लागले.

परंतु नवी वस्तू बनविणे हा या शिक्षणाचा केवळ आरंभ होता. समजा, एक पिशवी तयार करण्यास कारागिराचे दोन दिवस लागले. चामड्याची किंमत तेवढी धरून त्याने ती विकली, तर दोन दिवसांची मजुरी बुडाली. मजुरी धरली, पण पैसे महिन्याने हाती आले, तर मधल्या काळात नवे चामडे कशाने आणावयाचे? पहिल्या प्रश्नाचे उत्तर उत्पादनखर्चाच्या हिशेबात आहे, दुसऱ्याचे खेळत्या भांडवलात. या गोष्टी फळ्यावर शिकवून भागत नाही. माल नाकारला गेला की गुणवत्तेचा अर्थ कळतो. बँकेत स्वतः जाऊन बोलले की व्यवहाराचे भय ओसरते.

येथेच संशोधकांपुढे सर्वांत कठीण पेच उभा राहिला. तज्ज्ञांनी सारे करून द्यावे, तर माल झटपट विकला जातो. परंतु सावकाराच्या जागी तज्ज्ञ येऊन बसतो आणि परावलंबन कायमच राहते. उलट तज्ज्ञ फार लवकर दूर झाला, तर नुकतेच उभे राहिलेले काम कोसळते. या दोहोंतील वाट परस्परसाहाय्याची होती. कारागिरांची स्वतःची संघटना बांधली गेली, आणि निर्णयांचा भार हळूहळू तिच्याकडे सोपविला जाऊ लागला. १९८४ साली मथाई यांचे निधन झाले. त्यानंतरही या संघटनेचे काम चालू राहिले.

जवाजातील सारे दारिद्र्य या प्रयोगाने नाहीसे झाले, असे मात्र समजू नये. त्याचा प्रत्यक्ष लाभ मोजक्याच कुटुंबांस झाला, आणि प्रगतीही संथ होती. तरीही त्याचे महत्त्व कमी होत नाही. ‘शाश्वत विकास’ ही संज्ञा १९८७ सालच्या संयुक्त राष्ट्रांच्या एका आयोगाच्या अहवालाने जगभर रूढ केली, आणि २०१५ साली राष्ट्रांनी १७ उद्दिष्टे मान्य केली. जगातील अनेक व्यवस्थापन विद्यालये आज आपले संशोधन या उद्दिष्टांशी जोडू पाहत आहेत. अशा संशोधनाचे मोल किती निबंध छापले गेले यावरून ठरविता येणार नाही. संशोधक निघून गेल्यावर तेथील माणूस आपला हिशेब आपण मांडू शकतो काय, आणि आपल्या मालाचा भाव ठामपणे सांगू शकतो काय, हे जवाजाप्रमाणे प्रत्येक ठिकाणी जाऊन पाहावे लागेल.