हातातला संगणक आणि पंचेचाळीस अंशांचा उन्हाळा

टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम, त्यात खोचायची कॅसेट आणि दोघांनी मिळून खेळायचा 'कॉन्ट्रा' ज्यांना आठवतो, त्यांची मुले आता वेगळाच हट्ट धरतात. व्हॉल्व्ह कंपनीचा 'स्टीम डेक' २०२२ साली अमेरिकेत विक्रीला आला. असूसचा 'रॉग ॲली' जुलै २०२३ मध्ये भारतात आला, तेव्हा किंमत होती ६९,९९० रुपये. दिसायला खेळणे, आतून मात्र पुरा संगणक. त्यावर नवे खेळ चालतात, जुनेही चालतात. पण पवनी तालुक्यातल्या कोंढ्यासारख्या गावात राहून एवढा पैसा घालायचा, तर आधी काय पाहावे?

जाहिरातीत पडदा सेकंदाला किती चित्रे दाखवतो याचाच गाजावाजा असतो. मी आधी बॅटरी पाहीन. पहिल्या स्टीम डेकची आणि पहिल्या ॲलीची बॅटरी ४० वॅट-तासांची. नवा, भारी खेळ लावला की ॲलीची चिप एकटीच २५ वॅटपर्यंत वीज घेते. पडदा आणि पंखा वेगळाच. म्हणजे तास-सव्वा तासात खेळ आटोपला! जुन्या खेळांना एवढी ताकद लागतच नाही. चिपची मर्यादा खाली आणून एकूण खर्च दहा वॅटवर ठेवला, तर तीच बॅटरी चार तास पुरते. लाइट गेल्यावर हा फरक चांगलाच कळतो.

दुसरी गोष्ट उष्णतेची. भंडारा जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. स्टीम डेकसाठी कंपनीने सांगितलेली मर्यादा आहे भोवतालच्या ३५ अंशांची. जुलै २०२२ मध्ये युरोपात उष्णतेची लाट आली, तेव्हा कंपनीने ग्राहकांना ही आठवण करून दिली होती. चिप फार तापली की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करते आणि खेळ अडखळू लागतो. तेव्हा दुपारी कूलरच्या खोलीत बसावे, गादीवर ठेवून पंख्याची जाळी झाकू नये. ॲलीच्या मेमरी कार्डाच्या खाचेला उष्णतेचा त्रास होऊ शकतो, हे असूसनेच २०२३ मध्ये मान्य केले होते.

तिसरा प्रश्न इंटरनेटचा. आजचा मोठा खेळ सहज १०० जीबीचा असतो. रोज दीड जीबीच्या मोबाइल पॅकवर तो उतरवायला सदुसष्ट दिवस लागतील. १९८८च्या अमेरिकी 'कॉन्ट्रा'ची कॅसेट होती अवघी १२८ किलोबाइटची. तोच खेळ आता जुन्या खेळांच्या अधिकृत संग्रहात संगणकासाठी विकत मिळतो. 'हजारो खेळ भरलेले' म्हणून विकले जाणारे कार्ड मात्र बहुधा चोरीचा माल असतो, घेऊ नये.

जुना खेळ लावल्यावर पडद्याच्या दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या दिसतात, त्या राहू द्याव्यात. चित्र ताणले की सगळी माणसे लठ्ठ दिसतात.

फक्त जुनेच खेळ खेळायचे असतील, तर सत्तर हजार घालू नका. घरातला जुना लॅपटॉप आणि एक साधा गेमपॅड पुरे. कॉलेजातल्या मुलाला अभ्यासालाही संगणक हवा असेल, तर सात इंची पडद्यावर प्रकल्प-अहवाल लिहिता येईल का, तेही पाहा. तरीही घ्यायचाच, तर दुकानात चार्जर काढून नवा खेळ अर्धा तास चालवून मागा. किती टक्के बॅटरी उतरली ते पाहा आणि सहाशे ग्रॅमचे ते वजन तेवढा वेळ मुलाच्या हातात राहू द्या.